जंतूंची ओळख रंगावरून

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक. जंतूंवर मी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण या विषयाशी माझी गाठ घरातच पडली. माझ्या चाचांना दोन महिने खोकला होता. औषधांच्या दुकानातून बाटल्यांवर बाटल्या आणल्या. तपासणीचे नाव काढले की चाची म्हणत, "त्यात काही निघाले तर मोहल्ल्यात काय सांगायचे? घरात लग्नाची मुलगी आहे." शेवटी मीच बेडक्याची डबी घेऊन सरकारी प्रयोगशाळेत गेलो. तेथील भगिनीने तपासणी झाल्यावर मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या, बारीक काड्या दिसल्या. दोन महिन्यांचा घरातला वाद त्या काड्यांनी मिटवला. हा रंग आला कोठून, हे मग मी समजून घेतले. तेच आज आपणांस सांगतो.

जंतूंची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. सूक्ष्मदर्शक त्यांना हजारपट मोठे करतो. पण बहुतेक जंतू पाण्यासारखे पारदर्शक असल्याने तेवढ्याने नीट दिसत नाहीत. म्हणून त्यांना रंग द्यावा लागतो. गंमत अशी की, सगळे जंतू सारखा रंग धरीत नाहीत आणि या फरकावरूनच त्यांचे गट पाडता येतात.

१८८४ साली हान्स ख्रिश्चन ग्राम या डेन्मार्कच्या तरुण डॉक्टराने बर्लिनमध्ये न्युमोनियाच्या रोग्यांची फुप्फुसे तपासताना ही रीत शोधली. आज ती अशी करतात. नमुना काचपट्टीवर पसरून वाळवतात व ज्योतीवरून फिरवून पक्का करतात. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घालतात, मग तो घट्ट बसावा म्हणून आयोडीन. नंतर अल्कोहोलने धुतात. खरा निवाडा येथे होतो. काही जंतू जांभळा रंग सोडीत नाहीत, ते ग्राम-पॉझिटिव्ह. काहींचा रंग धुऊन जातो, ते ग्राम-निगेटिव्ह. शेवटी सॅफ्रानीन हा तांबडा रंग दिला की रंग गेलेले जंतू तांबूस दिसतात. हा दुसरा रंग म्हणजे ग्रामनंतर इतरांनी घातलेली भर होय.

भगिनींना यातले मर्म चटकन कळेल. ईदच्या आदल्या रात्री लावलेली मेंदी तळहातावर गडद चढते आणि हाताच्या पाठीवर फिकी राहते. मेंदी एकच, पण तळहाताची कातडी जाड. ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंचे कवचही असेच जाड असते. ते रंग धरून ठेवते. ग्राम-निगेटिव्हचे कवच पातळ असते, मात्र त्याच्यावर आणखी एक बाह्य पडदा असतो.

हा केवळ रंगांचा खेळ नव्हे. तो बाह्य पडदा साध्या पेनिसिलीनला बहुधा आत शिरू देत नाही. गळवातील पुवात जांभळ्या गोल जंतूंचे घोस दिसले तर डॉक्टरांचा विचार एका दिशेने जातो. लघवीत तांबूस काड्या दिसल्या तर दुसऱ्या. जंतू वाढवून पाहायला एक-दोन दिवस लागतात. रंगाचे उत्तर तासाभरात मिळू शकते. मग शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या आपल्या मुलाला देणे किती अंधारातले काम आहे, याचा आपणच विचार करावा.

क्षयाच्या जंतूची तऱ्हा निराळी. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा शोध जाहीर केला. त्याचे कवच मेणचट असते, त्यामुळे साधा रंग त्यात नीट शिरत नाही. त्सील आणि नील्सन या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीत कार्बोल फुक्सिन हा तांबडा रंग वाफ येईपर्यंत तापवतात. एकदा आत शिरलेला हा रंग गंधकाम्लानेही निघत नाही. बाकी सारे रंगहीन होते आणि मिथिलीन ब्लूने निळे दिसते. चाचांच्या नमुन्यात मी पाहिले ते हेच.

परंतु रंगालाही मर्यादा आहे. कुष्ठरोगाचा जंतूही आम्लाला दाद देत नाही. शिवाय एका मिलिलिटर बेडक्यात क्षयाचे पाच ते दहा हजार जंतू असावेत, तेव्हा ते या रीतीने दिसतात. म्हणून एकदा काही दिसले नाही, तर रोग नाहीच असे समजू नये. आता जंतूची जनुके ओळखणारी यंत्रे आली आहेत. ती थोडे जंतूही पकडतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही सांगतात. नमुना मात्र चांगला हवा. तोंडातली थुंकी उपयोगाची नाही. सकाळी खोल खोकून छातीतून आलेला बेडका द्यावा.

चाचांनी सहा महिने एकही दिवस न चुकता औषध घेतले. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध दोन्ही मोफत मिळाले. ते बरे झाले आणि मुलीच्या निकाहाला स्वतः उभे राहिले. पण त्या दोन महिन्यांत घरातली लहान मुले त्यांच्या शेजारी झोपत होती, याची रुखरुख मला अजून आहे.

पालकहो, आजारावर इलाज करावा, ही आपल्या पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, तर लाज सोडून तपासणी करा. आणि विद्यार्थी मित्रांनो, विशेषतः मुलींनो, मला ती काचपट्टी दाखवणारी भगिनी आपल्यासारख्याच साध्या घरातली होती. बारावीला विज्ञान घेऊन प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका घेता येते. कोणाच्या तरी घरातला वाद उद्या तुमच्या हातच्या काचपट्टीने मिटेल.