नीरेच्या अलीकडून



भोर आणि राजगड, म्हणजे पूर्वीचा वेल्हे, या दोन्ही तालुक्यांच्या वतीने मी तुमचं मनापासून स्वागत करते. रोहिडखोरं, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानंद खोरं ही आमची नावं तुम्ही इतिहासात वाचली आहेत. राजगड, तोरणा हे किल्ले तुम्हाला उद्या दाखवूच. आज मात्र मला तुम्हाला नीरा ओलांडून पलीकडे न्यायचं आहे. शिरवळ मागे टाकलं की खंडाळा तालुक्यातलं नायगाव. ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई तिथे जन्मल्या. म्हणजे त्या आमच्या शेजारच्याच.

सावित्रीबाई म्हटलं की आपल्याला १८४८ सालचा भिडेवाडा आठवतो, अंगावर फेकलेलं शेण आठवतं. मला आठवतं ते त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेलं पत्र. आजारी होत्या म्हणून त्या माहेरी, नायगावला आल्या होत्या. तिथे सख्ख्या भावाने त्यांना सुनावलं, की तुम्ही नवरा-बायको महारा-मांगांसाठी करता ते पाप आहे, जातीला धरून राहा. पंचवीस वर्षांच्या या बाईने आईसमोर भावाला सडेतोड उत्तर दिलं, आणि सगळा प्रसंग जोतीरावांना कळवला. रस्त्यावरच्या परक्या माणसाला तोंड देणं एक वेळ सोपं. घरात, आपल्याच भावापुढे बोलायला फार मोठं धैर्य लागतं.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने छापला. मांग-महारांचं दुःख तिने स्वतः मांडलं. जेमतेम तीन वर्षांचं शिक्षण होतं तिचं! मुलीच्या हाती पाटी दिली की काय होतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मी या डोंगरात शिक्षिका म्हणून आयुष्य काढलं. आठवीच्या निरोपाला रडणाऱ्या काही मुली जूनमध्ये नववीच्या हजेरीत दिसायच्या नाहीत. घरी विचारायला गेलं की बाप मान खाली घालायचा आणि भाऊ म्हणायचा, “बाई, शाळा लांब पडते.” शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण त्याचं छत्र आठवीपर्यंतच. नेमकी तिथून पुढे आमच्या मुलीची वाट लांबते. अहिल्याबाई होळकर योजनेत तिला एसटीचा पास मोफत मिळतो, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण पास हातात असून गाडी न आली, तर मुलगा चालत निघतो आणि मुलगी घरी राहते.

म्हणूनच समूह शाळेविषयी इथे मोकळेपणाने बोलायला हवं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र आणण्याचा विचार शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये मांडला, तेव्हा नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आमच्या पानशेतचं उदाहरण दिलं होतं. मोठ्या शाळेत पुरेसे शिक्षक असतात, पुस्तकं असतात, खेळायला सवंगडी मिळतात. हे मला मान्य आहे. तरीही माझं ठाम मत आहे, की रोज येणाऱ्या गाडीची लेखी हमी मिळाल्याशिवाय वाडीवरची एकही शाळा बंद करू नये. सहा वर्षांच्या पोरीला मावळातल्या पावसात ओढा ओलांडायला लावून शिक्षण तिच्यापर्यंत पोचत नाही.

आमचं आदरातिथ्य साधं आहे. भात, पिठलं, नाचणीची भाकरी गोड मानून घ्या. कमीजास्त झालं तर मला सांगा.

आणि एक विनंती. दुपारच्या सत्रात या पहिल्या तीन रांगांतल्या मुली बोलणार आहेत, आपापल्या वाडीपासून शाळेपर्यंतची वाट सांगणार आहेत. त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणीही परतीच्या गाडीसाठी उठू नका.