दोन वाक्यं बोलायला हवीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. तेव्हा आतड्याच्या आजारावर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण हा आजार ओळखण्याचं अर्धं काम शब्दांचं असतं, आणि ते शब्द आमच्या घरात वेळेवर कुणी उच्चारले नाहीत. म्हणून आज बोलायला बसलो आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. तिची आणि दुल्हाभाईंची उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली. दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर जायचं, उन्हाळा लागला की परतायचं. अशाच एका वर्षी, पस्तिशीच्या आत, तिची गर्भपिशवी काढली. ती गोष्ट तिथंच संपली, असं आम्ही समजलो.

पुढं पुष्कळ वर्षांनी एका रात्री तिच्या पोटात कळ आली. कळ यायची, ओसरायची, पुन्हा यायची. मग उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं. घरात सगळ्यांनी निदान केलं, ‘गॅस झालाय.’ ओवा झाला, हिंग झालं, सोडा झाला. कोठा साफ होईल म्हणून एरंडेल दिलं. कुणीतरी पोटदुखीचं इंजेक्शन टोचलं, तर घटकाभर बरं वाटलं. असे दोन दिवस गेले. मी पोहोचलो तेव्हा तिची जीभ कोरडी पडली होती आणि डोळे खोल गेले होते.

रुग्णालयात एका तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘यांचं आधी पोटाचं काही ऑपरेशन झालंय का?’’ दुल्हाभाई म्हणाले, ‘‘नाही.’’ आपा गप्प. डॉक्टरांनी पोट तपासलं, तर जुना टाका दिसला. तेव्हा दुल्हाभाई म्हणाले, ‘‘ते होय? ती तर पिशवी काढलीय.’’ पिशवी काढणं हे आमच्या हिशेबी ऑपरेशनच नव्हतं!

दुसरा प्रश्न होता, ‘‘वारा सरतोय का?’’ आपानं भिंतीकडं तोंड फिरवलं. खोलीत आम्ही चार पुरुष उभे. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं, तेव्हा तिनं सिस्टरला सांगितलं, ‘‘काल सकाळपासून नाही.’’

या दोन उत्तरांनी डॉक्टरांना बरंचसं कळलं. एक्स-रे आणि सीटी स्कॅननं ते पक्कं झालं. जुन्या ऑपरेशनमुळं आतडं चिकटून त्यात अडथळा आला होता.

हे कसं होतं, ते मी नंतर डॉक्टरांकडून समजून घेतलं. आपल्या पोटाला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. त्यामुळं सुमारे 6 मीटर लांबीचं लहान आतडं स्वतःवरच अलगद सरकत राहतं. पोटाचं ऑपरेशन झालं की हे अस्तर कुठंतरी दुखावतं. जखम भरून यावी म्हणून शरीर तिथं एक चिकट पदार्थ सोडतं. तो काही दिवसांत विरघळला तर ठीक. नाही विरघळला, तर त्याचे दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि एक भाग दुसऱ्याला चिकटतो. पोट उघडून ऑपरेशन झालेल्या बहुतेकांच्या पोटात असे पट्टे थोडेफार असतातच. त्यातल्या फार थोड्यांना त्रास होतो. पण एखाद्या वेळी आतडं त्या दोरीत अडकतं किंवा पीळ खातं. हे ऑपरेशननंतर महिन्याभरात होऊ शकतं आणि वीस वर्षांनीही होऊ शकतं. लहान आतड्यातल्या अडथळ्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

प्रत्येक वेळी यात सर्जनची चूक असते असं नाही. काळजीपूर्वक केलेल्या ऑपरेशननंतरही हे पट्टे होतात. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये त्यांचं प्रमाण कमी असतं. पूर्वी डॉक्टरांच्या हातमोज्यांना आतून पूड लावलेली असे. तीही पोटात राहून आतडी चिकटायला कारण होते, असं दिसून आलं. अमेरिकेनं 2017 साली अशा मोज्यांवर बंदीच घातली.

कळ थांबून थांबून का येते? उसाची गाडी चढावर अडली की बैल जोर लावतात, दमतात, पुन्हा जोर लावतात. आतड्याचंही तसंच. पुढची वाट बंद असते आणि मागून जोर चालू असतो. लाळ, जठररस, पित्त असं सगळं मिळून रोज सात-आठ लिटर पाणी आतड्यात उतरतं आणि बहुतेक परत शोषलं जातं. वाट अडली की ते साचतं. म्हणून पोट फुगतं, उलट्या होतात, अंगातलं पाणी कमी होतं, लघवी कमी होते. अशा वेळी एरंडेल देणं म्हणजे चाक अडकलेल्या गाडीच्या बैलाला चाबूक मारणं. आम्ही तेच केलं होतं.

आता उपचार. ऐकून भीती वाटेल, पण वेळेवर गेलं तर बहुतेकांचं ऑपरेशन टळतं. तोंडानं खाणंपिणं बंद करतात, सलाईन लावतात, नाकातून पोटात नळी घालून साचलेलं पाणी बाहेर काढतात आणि लघवी मोजतात. फुगलेल्या आतड्याला विसावा मिळाला की पुष्कळदा पीळ आपोआप सुटतो. कधी त्या नळीतून एक्स-रेमध्ये दिसणारं पातळ औषध सोडतात. ते 24 तासांत मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचलं, तर वाट मोकळी होते आहे असं समजतात. धोक्याची खूण नसेल तर साधारण तीन दिवस असं थांबता येतं. डॉक्टर थांबतात ते निष्काळजीपणानं नव्हे. पोट पुन्हा उघडलं की नवे पट्टे तयार होण्याची भीती असते.

मात्र थांबून थांबून येणारी कळ एकसारखी दुखायला लागली, ताप आला, नाडी जोरात चालली, पोट लाकडासारखं कडक झालं, तर थांबायचं नसतं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. आपाचं तसंच झालं. त्याच रात्री ऑपरेशन करावं लागलं. वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते कापून दोन टोकं जोडली. आपा वाचली. पण डॉक्टर म्हणाले, ‘‘दोन दिवस आधी आणलं असतं, तर कदाचित नळीवरच भागलं असतं.’’ ते वाक्य अजून माझ्या आतड्याला पीळ पाडतं.

श्रोते हो, ही एकट्या आपाची गोष्ट असती तर मी इथं सांगितली नसती. 2019 मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या बहुतेकींना आतड्याचा त्रास कधीही होणार नाही. पण इतक्या बायांच्या पोटावर जुना टाका आहे आणि त्याचा कागद कुणाजवळ नाही. हंगामात एखादी दुसऱ्या जिल्ह्यात नाहीतर कर्नाटकात असते. पोट दुखायला लागलं तरी खाडा पडेल, पैसे कापले जातील, म्हणून ती कोपीत पडून राहते. तिथल्या डॉक्टरला तिची काहीच माहिती नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. नको असलेलं ऑपरेशन करू नका. पिशवी काढा असं कुणी म्हणालं, तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. ऑपरेशन झालं असेल तर त्याचं कार्ड जपून ठेवा. राहून राहून कळ, उलट्या, फुगलेलं पोट, आणि शौच व वारा बंद, अशी लक्षणं दिसली की घरगुती औषधात वेळ घालवू नका. जुलाबाचं औषध तर मुळीच देऊ नका. 108 नंबरची गाडी बोलवा. सुरुवातीला एखादी शौचाला झाली, तरी तेवढ्यानं निर्धास्त होऊ नका.

आणि डॉक्टरांसमोर दोन वाक्यं स्पष्ट बोला. ‘माझं पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे,’ आणि ‘अमुक वेळेपासून वारा सरलेला नाही.’ पुरुषांनो, बाईला हे बोलता यावं म्हणून थोडा वेळ खोलीबाहेर जा. मी शब्दांवर जगणारा माणूस, पण त्या दिवशी मला हे सुचलं नव्हतं.

आपा आता साधा ताप आला तरी डॉक्टरांना आधी सांगते, ‘‘माझं पोट दोनदा उघडलंय.’’ डॉक्टर हसतात. हसू देत.