रस्ता होण्यापूर्वीचा प्रवास



रस्ता झाल्यावर त्यावरून वाहने धावतात, हा नेहमीचा क्रम. परंतु रस्ता व्हावा म्हणून, रस्ताच नसलेल्या मुलखातून मोटारसायकली नेणाऱ्या दोन प्रवाशांची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहे.

अलास्का हा अमेरिकेचा दूरचा प्रदेश. मध्ये कॅनडाची अफाट अरण्ये असल्याने तेथे आगबोटीने किंवा विमानानेच जावे लागे. हा मुलूख रस्त्याने जोडला जावा, असा ध्यास क्लाइड ऊर्फ 'स्लिम' विल्यम्स यांनी घेतला होता. १९३२ साली ते कुत्र्यांच्या गाडीने निघाले आणि १९३३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनास पोहोचले. तरीही रस्ता झाला नाही. तेव्हा १९३९ साली जॉन लोगन यांच्यासह ते दोन मोटारसायकलींवर फेअरबँक्सहून सिअ‍ॅटलला निघाले. वाटेत दलदली होत्या, नद्यांवर पूल नव्हते. तराफे बांधून गाड्या पैलतीरी न्याव्या लागल्या. गाडीने माणसाला न्यावे, तर येथे माणसेच गाडीला नेत होती! तरीही ते सिअ‍ॅटलला पोहोचले.

अखेर रस्ता झाला, पण तो युद्धामुळे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि मार्च १९४२ मध्ये काम सुरू झाले. दहा हजारांहून अधिक सैनिक राबले. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय होते. नोव्हेंबरमध्ये रस्ता खुला झाला. मात्र मार्ग निवडला गेला तो विमानतळांच्या रांगेजवळून जाणारा.

घाईची किंमतही मोजावी लागली. वरचे शेवाळ खरवडताच खालची गोठलेली जमीन वितळून चिखल झाला. मग ओंडके अंथरून त्यावर भराव घालावा लागला. त्याहून दुःखद गोष्ट अशी, की रस्त्याबरोबर आलेल्या गोवर व इन्फ्लुएन्झा या साथींनी तेथील आदिवासी वस्त्यांत अनेकांचे बळी घेतले. त्यांच्यातील कित्येकांनी वाटाडे म्हणून साहाय्य केले होते. रस्ता हवा की नको, हे मात्र त्यांना कोणी विचारले नव्हते.

मग त्या दोघांचे श्रम वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. मागणी करणाऱ्याने ती जमीन आधी स्वतः तुडवावी, हा धडा त्यांनी दिला. त्या जमिनीवर राहणाऱ्यांना आधी विचारावे, हा दुसरा धडा त्या रस्त्याने दिला. आपल्या गावच्या रस्त्याचा ठराव लिहिताना हे दोन्ही धडे आपण स्मरणात ठेवावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.