अर्ध्या बांधलेल्या इमारतीचा नकाशा



 सकाळपासून शाली आणि नारळ पुष्कळ झाले, म्हणून थेट कामाचे बोलतो.

एसी आणि फायरचे आराखडे काढणारे आपण आज मुंबईत मरोळला जमलो आहोत. इथल्या एमआयडीसीत जिथे एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या कुठल्यातरी मजल्यावर आपली तरुण मुले आखातातल्या हॉटेलांच्या डक्टचे नकाशे काढत बसलेली असतात. याच एमआयडीसीत कामगार राज्य विमा महामंडळाचे रुग्णालय आहे. १७ डिसेंबर २०१८ च्या दुपारी तिथे आग लागली. खाली काम चालू होते. वेल्डिंगची ठिणगी रबराच्या मालावर पडली, असे प्राथमिक तपासात पुढे आले. वर रुग्ण होते. माणसे गेली ती बहुतेक धुराने. अग्निशमन दलाला दर्शनी काचा फोडून शिड्या लावाव्या लागल्या.

दोष कोणाचा, हे ठरवायला मी उभा नाही. ते काम चौकशीचे. मला प्रश्न पडतो तो आपल्या संगणकाबद्दल. त्या दुपारी ती इमारत ज्या अवस्थेत होती, ती अवस्था आपल्यासारख्यांच्या कुठल्या फाइलमध्ये सापडली असती?

साधनांची कमतरता नाही. वातानुकूलनाचा भार मोजण्याचा ई-ट्वेंटीचा कागद हाताने भरून टनेज काढणारी पिढी अजून या सभागृहात आहे. आज हॅप किंवा ट्रेस ही सॉफ्टवेअरे काचेवरचे ऊन, माणसांची उष्णता, मुंबईच्या पावसाळ्यातला दमटपणा तासातासाने मोजून देतात. फायरवाल्यांचे के-८० चे स्प्रिंकलर हेड घ्या: एका बारला मिनिटाला ८० लिटर, दाब अर्ध्यावर आला की साधारण ५७. पाइपात दाब किती घटतो ते सांगणारे हेझन-विल्यम्सचे सूत्र विसाव्या शतकाच्या आरंभीचे, पण शेकडो फांद्यांच्या पाइपजाळ्यातून ते फिरवावे संगणकानेच. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २००० मध्ये खुले केलेले एफडीएस हे आगीचे सॉफ्टवेअर तर आजही फुकट मिळते आणि धुराचा थर किती वेळात डोक्यापर्यंत उतरेल ते दाखवते. नकाशात डक्ट बीममध्ये घुसला की नॅव्हिसवर्क्स हे तपासणीचे सॉफ्टवेअर लगेच बोंब मारते.

पण या सगळ्यांच्या पोटातली इमारत पूर्ण झालेली असते. दारे बसलेली, डॅम्पर जोडलेले, टाकीत पाणी. जणू उद्घाटनाची फीतसुद्धा कापून झाली आहे.

जिन्याच्या प्रेशरायझेशनचे बघा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार आपण जिन्यात ५० पास्कल जादा दाब धरतो. दोन चौरस मीटरच्या दारावर हा सुमारे १० किलोचा रेटा झाला. मुठीपाशी त्याच्या निम्मा जोर लागतो, डोअर क्लोजरचा वेगळा. दाब कमी पडला तर धूर आत येतो, जास्त झाला तर वॉर्डातल्या आजींना दारच उघडत नाही. हे गणित आपण निगुतीने करतो. एका वेळी किती दारे उघडी असतील तेही सॉफ्टवेअरला सांगतो. मग नूतनीकरण निघते आणि पोती वाहायला सोपे पडावे म्हणून मुकादम मजल्यामजल्यावर दाराला वीट लावतो. पंखा फिरतो, दाब काही टिकत नाही.

धुळीने खोटा अलार्म वाजू नये म्हणून डिटेक्टरला पिशवी बांधतात. पॅनेलवर झोन बायपास करतात. नवा राइझर जोडायचा म्हणून लाइन रिकामी करतात. फॉल्स सीलिंग काढले की स्प्रिंकलरचे हेड अधांतरी लोंबते आणि गरम हवा त्याला बगल देऊन स्लॅबखाली साठते. आपल्याच धंद्यातले इन्सुलेशनच्या नायट्राइल रबराचे रोल लिफ्टच्या लॉबीत रचलेले असतात. सगळे म्हणे दोनच दिवसांसाठी! मॉडेलमध्ये यातले काहीही नसते.

एसी आणि फायर अशी दोन खाती आपण करून ठेवली आहेत. धुराला ती ठाऊक नाहीत. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग होती खालच्या ट्रान्सफॉर्मरला. बाल्कनीपर्यंत धूर पोचला तो जिन्याने आणि वातानुकूलनाच्या डक्टमधून. ५९ माणसे गेली. म्हणूनच आग लागल्यावर एएचयू, म्हणजे डक्टमध्ये हवा ढकलणारे यंत्र, बंद करण्याचा हुकूम अलार्म पॅनेलकडून यावा लागतो. कामाच्या धांदलीत सुटते ती नेमकी हा हुकूम नेणारी वायर, कारण ती दोन ठेकेदारांच्या हद्दीवर असते.

इमारतीचे मॉडेल करायच्या रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये फेजेसची, म्हणजे टप्प्यांची, सोय कित्येक वर्षे आहे. आपण तिच्यात ‘जुने’ आणि ‘नवे’ एवढेच भरतो. कुठली भिंत पाडायची, कुठली ठेवायची, यापुरते. मधले टप्पे घालायला कोणी अडवलेले नाही. आज कुठला झोन बंद आहे, पाणी कुठवर आहे, धूर कुठल्या शाफ्टने चढेल, रुग्ण कुठल्या जिन्याने उतरतील, हे प्रत्येक टप्प्यावर काढता येते. एफडीएस एकदा विटा लावलेल्या दारांवर आणि न उघडणाऱ्या काचांवर चालवून बघा. गणित रात्रभर चालेल. चालू द्या.

‘क्लायंट याचे पैसे देणार नाही,’ अशी कुजबुज पुढच्या रांगेतून येते आहे. टेंडरमध्ये ओळच नसेल तर तो कशाचे देईल? महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा अधिनियमाखाली यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र मालकाने जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. या दोन महिन्यांच्या मधल्या काळात भिंती पडतात आणि उभ्या राहतात. तेव्हा ‘टप्पावार धूर व अग्निसुरक्षा आराखडा’ ही बाब, स्वतंत्र दरासह, आपणच बिलाच्या तक्त्यात घालायची.

आणि तो आराखडा मुकादमाच्या हाती पडला पाहिजे. त्याने रेव्हिट शिकावे अशी अपेक्षा नको. पॅनेलशेजारी चिकटवायचा एक कागद, त्यावर तारीख, मराठी-हिंदीत चार ओळी, बंद झोन लाल रंगात. एक प्रत जवळच्या अग्निशमन केंद्राला, टप्पा बदलला की नवी.

या बाबीचा मसुदा दुपारच्या सत्रात वाटला जाईल. त्यावर कडकडून भांडा. विशेषतः दारे उघडी ठेवण्याच्या कलमावर, कारण ठेकेदार सगळ्यात आधी तेच काढून टाका म्हणणार आहेत.