आकड्यांचा उजेड



विजेच्या धोरणावर चर्चा सुरू झाली की दोन्ही बाजूंनी आकड्यांचा मारा होतो आणि आकडा समोर आला की सामान्य श्रोता निरुत्तर होतो. परंतु हिशेबाने अचूक असलेला आकडाही दिशाभूल करू शकतो. याची तीन उदाहरणे विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण व्याख्येचे. १९९७ पूर्वी महसुली गावाच्या हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरत असे. शिवारातल्या एका विहिरीवर पंप चालला तरी कागदावर गाव उजळे. वस्तीत मात्र रॉकेलची चिमणीच मिणमिणत राही. २००४ मध्ये व्याख्या कडक झाली. शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान दहा टक्के घरांत जोडणी, अशी अट आली. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग गावी वीज पोहोचली व सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. कामगिरी निःसंशय मोठी. पण प्रत्येक गाव म्हणजे प्रत्येक घर नव्हे. म्हणूनच घरोघरच्या जोडणीसाठी २०१७ मध्ये ‘सौभाग्य’ ही वेगळी योजना आखावी लागली.

दुसरे उदाहरण क्षमतेचे. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. अभिमानाचीच गोष्ट! पण ‘निम्मी वीज स्वच्छ झाली’ असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरेल. एक मेगावॅटचा संच वर्षभर अखंड चालला तर ८७.६ लाख युनिट देईल. सौर संच सूर्यावर अवलंबून. तो त्याच्या सुमारे वीस टक्के, म्हणजे साडेसतरा लाख युनिट देतो. कोळशाचा संच सत्तर टक्क्यांनी चालला तर एकसष्ट लाख देतो. क्षमता आणि निर्मिती यांतले हे अंतर लपवले, की साठवणुकीचा आणि रात्रीच्या मागणीचा प्रश्नच नजरेआड होतो.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्राचे. बहुसंख्य कृषिपंपांना मीटर नव्हते; आकारणी अश्वशक्तीवर होई. त्यामुळे शेतीचा वीजवापर अंदाजाने ठरे आणि तो जितका फुगवावा तितकी गळती कमी दिसे. १९९०च्या दशकात वीज मंडळ गळती पंधरा ते अठरा टक्के सांगत असे. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला. आयोगापुढे हिशेबांची छाननी झाली, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी प्रश्न विचारले आणि गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. तोवर दोष शेतकऱ्याच्या माथी होता आणि वीजचोर नामानिराळे होते.

तेव्हा यापुढे कोणी आकडा फेकला, तर तीन प्रश्न विचारावेत: मोजले काय? कोणत्या व्याख्येने? आणि मीटर होता की अंदाज? हे प्रश्न विचारायला अभियंता असण्याची आवश्यकता नाही. वीजबिल भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा तो अधिकार आहे आणि कर्तव्यही!