निजामशाहीतील निर्वासित पंडित

धार जिल्ह्यातील कुक्षी हे गाव गुजरातेतून माळव्यात चढणाऱ्या वाटांच्या टापूत वसलेले आहे. त्याच जिल्ह्यात विंध्याच्या कड्यावर मांडवगडचा किल्ला उभा आहे. इ. स. 1531 मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने हा गड जिंकून माळव्याची सुलतानशाही बुडविली, तेव्हा तिकडे दक्षिणेत अहमदनगरच्या दरबारात काळजीचे सावट पसरले. माळवा पडला, आता पाळी कोणाची? बुऱ्हाण निजामशहाने विजेत्याचे अभिनंदन करण्यासाठी नजराण्यासह एक वकील पाठविला. हा वकील सरदार नव्हता आणि मुत्सद्द्याच्या घराण्यातलाही नव्हता. धर्मशास्त्र शिकविले म्हणून ज्याच्या वधाचा हुकूम इराणच्या बादशहाने सोडला होता, असा तो एक निर्वासित अध्यापक होता. त्याचे नाव शाह ताहिर हुसैनी.

विद्वानांचा छळ इस्लामच्या इतिहासास आरंभापासून परिचित आहे. नवव्या शतकात बगदादच्या खलिफांनी धर्ममताची परीक्षा घेण्यासाठी चौकशी बसविली. कुराण हे निर्मिलेले आहे, असे मान्य करण्यास इमाम अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला. त्यांना कैद भोगावी लागली आणि फटकेही सोसावे लागले. पण ते आपल्याच नगरीत राहिले व तेथेच निवर्तले. शाह ताहिरांच्या नशिबी मात्र देशत्याग आला, आणि त्या देशत्यागाचा शेवट महाराष्ट्रात झाला.

शाह ताहिर हे कझवीनजवळच्या खुंद गावच्या सय्यदांच्या घराण्यातले. अलमूतचा किल्ला 1256 मध्ये मंगोलांच्या हाती गेल्यावर निझारी इस्माइली पंथाचे इमाम वेषांतराने, बहुधा सूफी गुरू म्हणून, इराणात वावरत राहिले. त्या पंथाच्या एका शाखेचे इमामपद ह्या घराण्याकडे होते. 1501 मध्ये शाह इस्माइलने सफावी राज्य स्थापून बारा इमामांचा शिया पंथ हा राज्यधर्म केला. वरवर पाहता शियांना सुदिन आले. परंतु ज्यांना बादशहाखेरीज अन्य कोणी पीर मानतो, अशा माणसांना त्या राज्यात जागा उरली नाही. शाह ताहिर दरबारात गेले, तेथे संशयाची नजर त्यांच्याकडे वळली, आणि वजीर मिर्झा शाह हुसेन याच्या रदबदलीने काशान येथील मदरशात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली.

काशानात त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटू लागली आणि हीच गर्दी त्यांच्या जिवावर उठली. स्थानिक अधिकारी व प्रतिस्पर्धी पंडित ह्यांनी बादशहाकडे कागाळी केली की, हा मनुष्य पाखंड शिकवितो आणि परराज्यांशी पत्रव्यवहार करतो. दोन आरोपांपैकी पहिला विद्वानांचा आणि दुसरा राजकारण्यांचा. दोन्ही एकत्र आले म्हणजे सुटका कठीण. वधाचा हुकूम निघाला. वजिराने गुप्तपणे इशारा धाडला आणि 1520 मध्ये शाह ताहिर कुटुंबकबिल्यासह निघाले. फार्स प्रांत ओलांडून ते जहाजाने गोव्यास उतरले. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांचा अंमल बसून दहा वर्षे झाली होती.

विजापुरास इस्माइल आदिलशहाने त्यांची फारशी कदर केली नाही. हजला जाऊन परत फिरावे, ह्या विचाराने निघालेले शाह ताहिर वाटेत परांड्यास थांबले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ह्या किल्ल्याचा अधिपती ख्वाजा जहान हा गुणग्राहक होता. निजामशहाचा गुरू पीर महंमद शिरवानी हा त्याच सुमारास काही कामासाठी तेथे आलेला होता. त्याने शाह ताहिरांजवळ बसून टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे अध्ययन केले. स्वतः राजगुरू असलेल्या माणसाने परक्या निर्वासितापुढे शिष्य म्हणून बसावे, ही गोष्ट दोघांच्याही मोठेपणाची आहे. अहमदनगरास परतल्यावर त्यानेच राजापाशी त्यांची वाखाणणी केली, आणि 1522 मध्ये शाह ताहिरांना बोलावणे आले.

अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांची व्याख्याने सुरू झाली. राजाही श्रोत्यांत येऊन बसे. बुऱ्हाण निजामशहा सातव्या वर्षी गादीवर आलेला. त्याचा आजा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला. त्याच्या दरबारात दक्षिणी आणि परदेशी असे दोन तट होते, ब्राह्मण कारभारी होते. अशा ठिकाणी परदेशी पंडिताने पाय रोवणे सोपे नव्हते. बहादुरशहाकडील वकिलातीने शाह ताहिरांचे स्थान पक्के झाले. बुऱ्हाणपुरास दोघा राजांची भेट ठरली, तेव्हा बहादुरशहा सिंहासनावर बसणार आणि आपल्या धन्याला त्याच्यापुढे उभे राहावे लागणार, हा मानभंग कसा टाळावा, हा प्रश्न होता. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, शाह ताहिरांनी हजरत अलींच्या हस्ताक्षरातील समजली जाणारी कुराणाची प्रत मस्तकावर घेतली आणि ते पुढे झाले. ग्रंथाच्या आदरासाठी बहादुरशहा सिंहासनावरून खाली उतरला, आणि भेट उभ्याउभ्या, समपातळीवर झाली. बालपण अहमदनगरात घालविलेल्या फिरिश्त्याने ही हकिकत चवीने सांगितली आहे. आणि ती खरोखरच चवीने सांगण्याजोगी आहे.

1537 च्या सुमारास राजपुत्र अब्दुल कादिर तापाने फणफणला. शाह ताहिरांच्या सांगण्यावरून राजाने नवस केला. रात्री मुलगा पांघरूण फेकून देत होता. राजाला स्वप्नात पैगंबर व बारा इमाम दिसले. जाग आली तो पांघरूण मुलाच्या अंगावर होते आणि ताप उतरला होता. ही दरबारी कथा आहे, तिच्या खरेखोटेपणाची चिकित्सा करण्यात अर्थ नाही. इराणच्या मैत्रीची आवश्यकता आणि परदेशी पक्षाचे वाढते वजन हीही कारणे राजापुढे असणारच. परिणाम एवढा की, निजामशहाने शिया पंथ स्वीकारला. ज्या पंथाच्या नावाने काशानात शाह ताहिरांच्या वधाचा हुकूम निघाला, त्याच बारा इमामांच्या पंथाची दीक्षा त्यांनी दक्षिणेत दिली! आपली इस्माइली निष्ठा त्यांनी अंतर्यामी जपली, बाहेर प्रकट केली नाही. संकटात श्रद्धा झाकून ठेवणे हे त्या परंपरेत धर्मसंमतच होते.

धर्मांतराने शहर पेटले. संतप्त जमाव किल्ल्याभोवती जमला, आणि त्याच्या अग्रभागी होता पीर महंमद शिरवानी. परांड्यास शाह ताहिरांजवळ ज्योतिष शिकलेला, त्यांना ह्या दरबारात आणणारा, तोच हा शिष्य. त्याची तक्रार निव्वळ मत्सराची म्हणता येत नाही. राजाच्या श्रद्धेचे रक्षण हे राजगुरूचे कर्तव्य होते आणि ते आपल्याच हातून बुडाले, असे त्यास वाटले असेल. राजा छत्र घेऊन बाहेर पडला, राजनिष्ठांनी ह्या छत्राखाली यावे अशी दवंडी पिटली, आणि जमाव पांगला. पीर महंमद पकडला गेला. राजाने त्याच्या वधाची आज्ञा दिली.

आता शाह ताहिर पुढे झाले. ह्या वेळी हुकूम दुसऱ्याच्या वधाचा होता, आणि तो रद्द करविण्याची ताकद त्यांच्या शब्दात होती. काशानात कोणा एका वजिराने त्यांना वाचविले होते. त्यांनी पीर महंमदासाठी रदबदली केली, आणि वधाऐवजी त्यास किल्ल्यात कैद झाली. काही वर्षांनी सुटकाही झाली. शेजारच्या सुन्नी राज्यांचा रोष ओढवला, युद्धे झाली, तहही झाले. त्या सगळ्या धकाधकीत शाह ताहिरांची लेखणी व वाणी निजामशहाच्या कामी आली. त्यांची फारसी पत्रे पुढे नमुनेदार म्हणून वाचली गेली.

त्यांच्या वंशातील इमाम पुढे अहमदनगर आणि औरंगाबाद येथे राहिले. सिरियातील त्यांच्या अनुयायांचा दक्षिणेतील इमामांशी असलेला संबंध अठराव्या शतकाच्या अखेरीस तुटला. ही शाखा इतकी विस्मृतीत गेली की, 1938 मध्ये इवानोव ह्या रशियन संशोधकाने तिच्यावर निबंध लिहिला, तेव्हा त्याच्या मथळ्यातच ‘विसरलेली’ हे विशेषण त्यास घालावे लागले.

शाह इस्माइल 1524 मध्येच वारला होता. त्याचा पुत्र तहमास्प ह्याच्याकडे निजामशहाने वकील म्हणून धाडला, तो शाह ताहिरांचाच मुलगा हैदर. मुलगा इराणात असतानाच 1540 च्या दशकाच्या अखेरीस शाह ताहिर अहमदनगरास वारले. त्यांच्या अस्थी मागाहून करबलास नेण्यात आल्या. करबला त्या वेळी इराणच्या शहाच्या नव्हे, तुर्की सुलतानाच्या ताब्यात होते.