स्वीकार आणि संघर्ष

(जळगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका मानसोपचारतज्ज्ञाने केलेले भाषण)



राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात मानसोपचाराचे काय काम, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कापसाला भाव नाही आणि कर्ज फिटत नाही म्हणून शेतकरी खचतो. त्याला भाव हवा, मनःशांतीचे पाठ कशाला, हा आक्षेप मी जळगावात ऐकला आहे आणि धुळ्यातही ऐकला आहे. आक्षेप रास्त आहे. अन्यायाशी जुळवून घ्यायला शिकविणारे मानसशास्त्र आपल्याला नकोच. परंतु ज्या उपचारपद्धतीविषयी मी बोलणार आहे, तिच्या नावातच आपल्या परिचयाची एक कल्पना आहे. ‘डायलेक्टिकल बिहेव्हियर थेरपी’ हे ते नाव. यातील ‘डायलेक्टिक’ म्हणजे आपण ज्याला विरोधविकास म्हणतो तो.

ही पद्धती अमेरिकेतील मार्शा लिनेहान यांनी सिद्ध केली. वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या, मरणाचा विचार सतत मनात वागविणाऱ्या स्त्रियांवर त्या उपचार करीत होत्या. ‘तू बदल’ एवढेच सांगितले की रुग्णाला वाटे, दोष माझ्यावर ढकलला जात आहे. ‘तू आहेस तशी ठीक आहेस’ एवढेच सांगितले की वाटे, माझ्या यातना कोणी गंभीरपणे घेतच नाही. स्वीकार आणि बदल या परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी हाती धरल्या पाहिजेत, हे त्यांना यातून उमगले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या उपचाराने स्वतःला इजा करण्याचे प्रसंग आणि रुग्णालयातील दिवस, दोन्ही कमी झालेले दिसले. पुढे २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की, वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या. जे आपल्याला हवे होते आणि मिळाले नाही, तेच त्यांनी इतरांसाठी उभे केले.

या पद्धतीत कौशल्यांचे चार गट आहेत: सजगता, आपत्ती सोसणे, भावनांचे नियमन आणि माणसांशी व्यवहार. उपचार करणाऱ्यानेही ती स्वतः आचरावीत, अशी अपेक्षा असते. म्हणून माझ्या रोजच्या जीवनातील उपयोगच सांगतो. संताप अनावर झाला की मी श्वास रोखून थंडगार पाण्यात तोंड बुडवितो. त्याने हृदयाची गती उतरते. हा शरीराचा धर्म आहे, चमत्कार नव्हे. (हृदयविकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.) त्यानंतर मी घडलेली गोष्ट आणि तिचा मी लावलेला अर्थ वेगळे करतो. सहकारी बैठकीतून न बोलता उठून गेला, ही घटना. त्याने माझा अपमान केला, हा अर्थ. आपल्या किती शाखा अशा अर्थांपायी फुटल्या, याचा हिशेब तुम्हीच करा.

तिसरे कौशल्य उलट कृतीचे. भीती म्हणते पळ, लाज म्हणते लपून राहा. कर्जबाजारी माणूस पारावर येणे सोडतो, लग्नकार्ये टाळतो आणि एकटेपणात त्याचे मन अधिकच काळवंडते. कर्ज असणे हा गुन्हा नव्हे. येथे लाज वस्तुस्थितीला धरून नाही. म्हणून त्याने पारावर येऊन बसावे, हीच उलट कृती. आणि आपण काय करावे? ‘जाऊ दे ना भो’ म्हणून त्याचे बोलणे उडवून लावू नये. ‘तुझ्या जागी कोणालाही असेच वाटले असते’ हे आधी म्हणावे, उपाय मागाहून सुचवावा.

मात्र भावना वस्तुस्थितीला धरून असेल, तर हीच पद्धती सांगते की भावनेशी झगडू नका, परिस्थिती बदला. आपल्या आक्षेपाचे उत्तर येथे आहे. १९७२ नंतर शहादा तालुक्यात, जो त्या वेळी धुळे जिल्ह्यात होता, श्रमिक संघटनेतील आदिवासी स्त्रिया दारूविरुद्ध उठल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. त्यांचा राग खरा होता. त्यांनी तो गिळला नाही, एकमेकींवरही काढला नाही, त्याला कामाला लावले. स्वीकार म्हणजे संमती नव्हे. पीक बुडाले हे मान्य केल्यावाचून पंचनाम्याची मागणीसुद्धा करता येत नाही.

खानदेशात हा विषय काढून साने गुरुजींचे नाव टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील हा शिक्षक १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने उतरवून घेत होता. स्थितप्रज्ञाची लक्षणे त्यांना कोणी शिकवायला नको होती. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या मनात काय होते याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, आणि अमुक उपचाराने ते वाचले असते असेही मी म्हणणार नाही. परंतु ज्यांच्या हळवेपणाचे आपण गोडवे गातो, त्यांच्या हळव्या मनाची काळजी कोणी वाहायची, हा प्रश्न आपण आपल्या चळवळीला क्वचितच विचारला आहे.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली, या उपचारपद्धतीत उपचार करणारे आठवड्यातून एकदा एकत्र बसून परस्परांचे मन सांभाळतात. प्रत्येक शाखेने अशी बैठक सुरू करावी. तीत ठराव नकोत, वृत्तांतही नको. दुसरी, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला शासकीय मानसोपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न समजता त्याची शुश्रूषा व पुनर्वसन करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे. तो हक्क तालुक्याच्या दवाखान्यात प्रत्यक्ष मिळतो का, हे रेशनच्या धान्याइतक्याच चिकाटीने तपासा. शासनाचा ‘टेलिमानस’ हा १४४१६ क्रमांकाचा विनाशुल्क दूरध्वनी २०२२ पासून सुरू आहे. तो पारावर, सोसायटीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

भावासाठी मोर्चा निघालाच पाहिजे. पण तो निघेपर्यंत माणूस जगला पाहिजे, आणि मोर्चाहून परतल्यावर त्याला घरीही नीट जगता आले पाहिजे. हे कामही आपलेच आहे.